अर्ध्यातून उचललेलं वाक्य

४ मार्च, सोमवार

नवी वही, नवी खोली, नवी नोकरी. तिन्ही एकदम सुरू करायचं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदाच करते आहे, म्हणून अक्षर जरा सुवाच्य काढते.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. ओट्यापाशी एक शेगडी आणि एक माणूस एवढंच मावतं; गप्पा मारायला आलेल्याने दारात उभं राहावं. नळाला पाणी चोवीस तास. खिडकीतून समोरच्या इमारतीचे सगळे बाथरूमचे पाइप दिसतात. दादाला फोनवर हे वर्णन ऐकवलं तर हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल. पहिल्या रिंगलाच फोन उचलतो हल्ली. वहिनी म्हणते, आंघोळीला जातानाही फोन आत नेतो, साबणाच्या शेजारी ठेवतो.

रोजनिशी लिहायची सवय आईची. ती दोन ओळींच्या वर कधी गेली नाही. ‘आज गुडघा दुखला. धाकटीचा फोन नाही.’ मी मात्र पाल्हाळ लावणार आहे. अकरा वर्षं शाळेत लहान मुलांना शुद्धलेखन घातलं, एकेक शब्द तीनतीनदा म्हटला. आता कुणी मला ‘बाई, हळू सांगा’ म्हणणार नाही, याचाच आनंद फार आहे.

उद्या दहाला हजर व्हायचंय. बोलतं ग्रंथालय. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. खाली चष्म्याचं दुकान आहे. ही जागा ज्याने निवडली त्याला भेटायला हवं.

५ मार्च, मंगळवार

नोकरी आवडली. सगळं नीट लिहून ठेवते.

वाचायची खोली कपाटाएवढी आहे. भिंतींना फोम, जमिनीवर जाड गालिचा, एक टेबल, त्यावर माइक आणि पुस्तक ठेवायची तिरकी फळी. समोर काच, काचेपलीकडे यंत्रं आणि यंत्रांपुढे एक पन्नाशीचे गृहस्थ. त्यांना सगळे कात्री म्हणतात. आम्ही वाचतो आणि ते कापतात. खोकला, ठसका, पान उलटल्याचा आवाज, आवंढा गिळल्याचा आवाज, सगळं कापतात. मी विचारलं, पुस्तक कसं आहे. ते म्हणाले, माहीत नाही. वीस वर्षांत एकही पुस्तक त्यांनी ऐकलेलं नाही. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते, ती फक्त सरळ हवी.

नियम सोपे. चुकलं तर टेबलावरचं बटण दाबायचं, टक्क असा आवाज होतो, आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. वाक्य कधीही अर्ध्यातून उचलायचं नाही. दुसऱ्याने सोडलेलं तर नाहीच नाही. पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलं तर त्याने परिच्छेदाच्या सुरुवातीपासून वाचायचं. कात्रींनी हे दोनदा सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, सांधा दिसतो.

माझ्या वाट्याला आलेलं पुस्तक जाडजूड आहे, एका जहाजाच्या कप्तानाच्या बायकोने लिहिलेलं. आधीच्या वाचक बाईंनी पान दोनशे बारापर्यंत वाचलं आणि नोकरी सोडली. पान नाही, परिच्छेद नाही, चक्क वाक्य अर्ध्यावर टाकून उठून गेल्या. माझ्यासारख्या बाईला हे बघवेल का? अकरा वर्षं मी मुलांना पूर्णविराम द्यायला लावला.

त्यांचा सूर कानात बसावा म्हणून कात्रींनी शेवटची पाच मिनिटं हेडफोनमध्ये लावून दिली आणि स्वतः कुणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेले. छान आवाज होता बाईंचा, जरा ओला. ‘मी दार उघडलं, आणि खिडकीपाशी बसलेल्या त्या बाईने मान वळवून’ आणि तिथे बंद. पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. माइक चालू होता. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं: ‘इतकंच विचारलं, की चहा झाला का.’ आणि मी तशीच पुढे वाचत सुटले.

कात्री परत आले तेव्हा मी अर्ध्या पानावर होते. त्यांनी रेघ पाहिली, मागे नेली, पुन्हा पाहिली. मला वाटलं आता बोलणी खाणार. ते म्हणाले, सांधा कळतच नाही, राहू दे. पहिल्याच दिवशी शाबासकी. संध्याकाळी स्वतःला एक आरसा घेतला.

८ मार्च, शुक्रवार

घशात काहीतरी आहे.

मंगळवारपासूनच आहे, पण लिहायचं म्हणजे मान्य करायचं, म्हणून टाळलं. गोळीचा तुकडा अडकावा तसं. पाणी प्यायलं की वाटतं आता जाणार, आणि पाणी जातं, ते राहतं. गंमत म्हणजे जेवताना काही होत नाही. घास सुरळीत उतरतो. ताट धुवायला उठलं की हजर. घरमालकीण भाडेकरूच्या दारात येऊन उभी राहते तसं, काही न बोलता.

आज आवंढे मोजले. एका पानाला नऊ. कात्रींनी काचेतून दोनदा बोटांची कात्री करून दाखवली. तिसऱ्यांदा मला राग आला, त्यांचा नव्हे, घशाचा.

खोलीत बसवत नाही. ओट्यापासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून खिडकीपर्यंत पाच. आज किती झाली ते मोजलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आत पाहिलं, मलाही पडद्यावर दाखवलं. गुलाबी, ओलं, स्वच्छ. काही नाही. डॉक्टर भले होते. म्हणाले, असं वाटणारी माणसं त्यांच्याकडे रोज येतात, आणि वाटणं खोटं नसतं. ताणाने घशाचे स्नायू आवळून बसतात. आणि ते घालवायला आपण रिकामा आवंढा गिळत राहतो, त्याने ते आणखी आवळतात. गिळू नका, घोटभर पाणी घ्या, जांभई द्या, खांदे सैल सोडा. मग पाठ वळवून हात धुता धुता विचारलं, इतक्यात घरात काही झालं का.

मी म्हणाले, आई गेली, आठ महिने झाले. रडलात का, म्हणाले. मी म्हटलं, सवडच झाली नाही. हसायला नको होतं, पण मी हसले. त्यांनी कागदावर एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

बाहेर पडले तेव्हा बरं वाटत होतं. बसथांब्यापर्यंत घसा अगदी मोकळा होता. मग बस आली आणि चढता चढता मी आवंढा गिळला, आणि शपथेवर सांगते, मला वाटलं की त्याच्या आधी, अगदी जरासा आधी, आत कुणीतरी दुसऱ्यानेही गिळला.

१४ मार्च, गुरुवार

आमचे एक श्रोते आहेत, निवृत्त मास्तर. जन्मापासून दिसत नाही. दर आठवड्याला तयार झालेला भाग त्यांच्याकडे आधी जातो, कारण त्यांचे कान कात्रींच्या यंत्रापेक्षा तिखट आहेत. आज त्यांचा फोन आला. कात्रींनी तो मोठ्या आवाजावर लावला.

मास्तर म्हणाले, नव्या बाई छान वाचतात, आवाज खणखणीत आहे. फक्त एवढंच विचारायचं होतं, की त्यांच्याबरोबर आत आणखी कोण बसतं. कात्री म्हणाले, कुणी नाही, आत दुसरी खुर्ची मावत नाही. मास्तर म्हणाले, बरं, मग असेल माझ्या कानांचं वय. पण बाईंचं वाक्य संपलं की कुणीतरी बोलायला तोंड उघडतं आणि बोलत नाही. ते ऐकून त्यांना अवघडल्यासारखं होतं, शिष्टाचार म्हणून थांबावंसं वाटतं.

कात्री हसले. मी पण.

१८ मार्च, सोमवार

हे लिहायलाच हवं.

मास्तरांच्या बोलण्याने कात्रींना चैन पडेना. त्यांच्या रेघेत खोट काढलेली त्यांना खपत नाही. माझे कापून टाकलेले आवंढे ते एका कचऱ्याच्या फाइलमध्ये टाकत होते. आज त्यांनी ते सगळे ओळीने जोडले आणि आवाज वाढवून लावला. आधी नुसतं घुर्र. मग आणखी वाढवला. त्या तुकड्यातुकड्यांतून माझाच आवाज आला, घाईचा, वैतागलेला, पाठीमागे मुलांचा गोंधळ असावा तेव्हा येतो तसा.

‘नंतर बोलू.’

कात्री म्हणाले, असं होतं कधीकधी, जुनं काही माइकवर उरतं. त्यांनी शब्दाकडे लक्षच दिलं नाही. रेघेची लांबी मोजली. पण मी हे या खोलीत कधी बोललेलं नाही. मी हे एकदाच बोलले आहे.

लिहून टाकते. दादा समजतो की त्या दुपारी आईने जगात फक्त त्यालाच फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, त्याने उचलला नाही. संध्याकाळी शेजारीण आईकडे डोकावली तेव्हा आई स्वयंपाकघरात खाली पडलेली होती. तो न उचललेला फोन दादाने अजून पुसलेला नाही. उघडून बघत बसतो. दोन बावीस. कामावर जायचं त्याने जवळजवळ सोडलंय.

आईने आधी मला केला होता. दोन वीसला. मी उचलला. वर्गात वह्या तपासत होते, दोन मुलांची मारामारी लागलेली. आई म्हणाली, ‘अगं, ऐक ना, मला’ आणि मी म्हणाले, ‘नंतर बोलू,’ आणि ठेवला. अकरा सेकंदं. त्या रात्री मी माझ्या फोनमधून ती नोंद काढून टाकली.

दादाला सांगितलं तर त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. मी उचलला असता तर आई वाचली असती, असं तो रोज म्हणतो, आणि मी रोज त्याची समजूत घालते. समजूत. मला माझीच लाज वाटते.

२० मार्च, बुधवार

समुपदेशक बाईंकडे गेले. मोठी शांत बाई. खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, जरा तिरक्या होत्या, त्यामुळे खिडकीकडे बघून बोलता आलं. फोनचं सांगितलं. त्यांना धक्का वगैरे बसला नाही, त्यानेच मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. त्या म्हणाल्या, गिळलेली गोष्ट कुठेतरी बसतेच, तुमची घशात बसली. दादाला सांगा. शिक्षा म्हणून नाही. तुम्ही दोघं एकाच दुपारचं ओझं वेगवेगळ्या खोल्यांत वाहताय, म्हणून.

मला फार पटलं. घशातही जरा हललं. बाहेर जिन्यातूनच दादाला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणाले, दादा, त्या दुपारी आईने. आणि तिथे आवाजच बंद. घसा आतून कुणीतरी मुठीत धरला. दादा हॅलो हॅलो करत राहिला. शेवटी खाकरून म्हणाले, काही नाही, जेवलास का.

मग वहिनीने फोन घेतला. हळू आवाजात म्हणाली, तुमच्याशिवाय तो कुणाशी बोलत नाही, एकदा घेऊन येऊ का तिकडे. मी म्हटलं, ये ना. एकतीसला रविवार आहे.

२२ मार्च, शुक्रवार

आधीच्या वाचक बाईंचा पत्ता कात्रींकडून काढला आणि दुपारी जाऊन धडकले.

दार उघडायच्या आधीच गाणं ऐकू आलं. साठीच्या आहेत, गोऱ्या, लठ्ठ, हातात ओला पिळा. मी कोण ते सांगितल्यावर पिळा बादलीत पडला. मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि मी पाणी पिताना माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, पान दोनशे बारा तू परिच्छेदाच्या पहिल्यापासून वाचलंस ना?

मी नकारार्थी मान हलवली. त्या खाली बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी त्यांनीही एका पुस्तकात असंच दुसऱ्या कुणाचं अर्धं वाक्य उचललं होतं. त्या दिवसापासून घशात बसलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ते रिकामं येतं, त्या म्हणाल्या, आणि आपल्याच आत जे न बोललेलं सापडेल त्यावर वाढतं. त्यांचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. दोनशे बारावर आवाज संपला तो पुन्हा आलाच नाही. तीन आठवडे मुक्या होत्या. मग पाच तारखेला, मंगळवारी, अकराच्या सुमारास कपडे धुताना घसा एकदम मोकळा झाला. त्या मोठ्याने गायला लागल्या. शेजारी गोळा झाले.

पाच तारखेला अकराच्या सुमारास मी म्हणत होते, ‘इतकंच विचारलं, की चहा झाला का.’

त्यांनी माझे हात धरून माफी मागितली. मुद्दाम केलं नाही म्हणाल्या. मी विचारलं, मग कात्री? ते तर रोज ऐकतात. त्या म्हणाल्या, तो माणूस ऐकतो कुठे, तो लांबी बघतो. उचलायला अर्थ लागतो. आणि तोंडानेच पुरं करावं लागतं असं नाही, मनातल्या मनात केलं तरी उचललं जातं. म्हणून काही अर्धं सोडू नकोस. कुणासमोरच.

निघताना मी विचारलं, घसा मोकळा झाला तेव्हा कळलं नाही का, की तो दुसऱ्या कुणाला तरी लागला. त्या म्हणाल्या, कळलं. तरी गात होते.

२५ मार्च, सोमवार

ठरवून टाकलंय, हे सगळं मनाचे खेळ आहेत. त्या बाई एकट्या राहतात, त्यांना कुणी ऐकणारं हवं होतं. तारीख जुळली, जुळतात तारखा. डॉक्टरांची नळी आत जाऊन आली आहे. खांदे सैल. घोटभर पाणी. जांभई.

तरी प्रत्येक वाक्य पूर्णविरामापर्यंत नेते. परिच्छेद संपल्याशिवाय उठत नाही. एखादं अर्धं टाकून पळून गेले तर मी सुटेन, हे डोक्यात येऊन गेलं. पण मास्तर कान लावून बसलेले असतात. तेच पुरं करतील. ते फार भले आहेत.

आज हेडफोनमध्ये माझ्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आईचा आवाज आला. स्पष्ट. ‘अगं, ऐक ना, मला’.

मी बटण दाबलं. टक्क. वाक्य पुन्हा वाचलं. पुन्हा आला. पुन्हा टक्क. कात्री काचेतून बघत होते. एकच वाक्य मी चाळीस वेळा वाचलं. चूक एकदाही नव्हती.

मला वाटत होतं, या वेळी पुढचं बोलेल.

२६ मार्च, मंगळवार

मला बरं व्हायचंय की नाही, हेच कळेनासं झालंय. हे गेलं तर आवाजही जाईल. आठ महिन्यांनी आईचा आवाज. अगदी तसाच, ‘ऐक ना’ वर जरासा ताणलेला.

काय हवं होतं तिला? मला काय? मला बरं नाही. मला भीती वाटते. मला तुझी

नाही. पुरं करायचं नाही. अर्धंही लिहायचं नाही. खोडून टाकलं तरी दिसतंय.

दिवसभर येरझाऱ्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, कपाट सरकवताय का.

२७ मार्च, बुधवार

दुकानात साबण मागायला गेले. तोंड उघडलं. ‘नंतर बोलू,’ बाहेर आलं.

दुकानदार म्हणाला, बरं.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. माझ्याच आवाजात, त्या दुपारच्या. लोक बघायला लागले — मी बोटाने दाखवून साबण घेतला आणि पळाले.

घरी येऊन आरशासमोर तोंड उघडलं. आत काही नाही. गुलाबी, ओलं. मग न बोलता — मी काहीच बोलले नाही — गळा हलला.

२८ मार्च, गुरुवार

कामावर गेले नाही. कात्रींना निरोप लिहिला, घसा बसला. त्यांचं उत्तर, काळजी घ्या, कचऱ्याची फाइल पुसू का?

मी ‘नको’ लिहिलं. का लिहिलं?

दुपारी दादाचा फोन. उचलायचा नव्हता. पण तो वाजत राहिला, आणि मी त्याचा फोन न उचलणं — ते कसं करू? उचलला. तो म्हणाला, अगं, आवाज ऐकव जरा, मला आज फार —

आणि माझ्या तोंडून निघालं, ‘नंतर बोलू.’ आणि माझ्याच बोटाने फोन बंद केला.

पुन्हा लावला नाही त्याने. मी बसून होते. दादा, तुला काय म्हणायचं होतं. तुला आज फार काय —

गळ्याखाली आता दोन आहेत.

३० मार्च, शनिवार

उद्या दादा येणार. वहिनीचा निरोप: एकटाच येतोय, फार आग्रह धरला.

आता तोंडातून दोनच वाक्यं निघतात. एक माझं, एक आईचं. म्हणून लिहून सांगायचं. याच वहीत, त्याच्यासमोर. सगळी वाक्यं पूर्ण, प्रत्येकाला पूर्णविराम. ‘आईने आधी मला फोन केला. मी उचलला. मी ठेवला. तुझी काही चूक नाही.’ चार वाक्यं. दादा सुटेल.

पण तो विचारेलच, आई काय म्हणाली. कोण विचारणार नाही? आणि मी ते अर्धं त्याच्या हातात दिलं, तर तो मनात पुरं करेल. आयुष्यभर पुरं करत राहील.

म्हणून खोटं रचलंय. साधंसं. आई म्हणाली, निळी बादली सापडत नाही. बास. हसेल तो. सराव करते.

आई म्हणाली, अगं, ऐक ना, मला

पेन पुढे जात नाही. पुन्हा.

आई म्हणाली, अगं, ऐक ना, मला

बादली. नि ळी बा द ली. सुटं लिहिता येतं. तिथे जोडता येत नाही.

आई म्हणाली,

नाही. ती काय म्हणाली ते लिहायचंच नाही. चार वाक्यं, आणि वही बंद. ही पानं उद्या आधी फाडायची.

३१ मार्च, रविवार

पानं फाडली नाहीत. वेळच — तो लवकर आला.

दादा समोर बसलाय. किती वाळलाय. फोन टेबलावर उलटा ठेवलाय, माझ्यासाठी. मी घशाकडे बोट दाखवलं, वही दाखवली. म्हणाला, लिही, मी वाचतो. खुर्ची ओढून शेजारी आला.

आईने आधी मला फोन केला. मी उचलला. मी ठेवला. तुझी काही चूक नाही.

वाचलं त्याने. दोनदा वाचलं. रागावला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहानपणी रडायचा तसा रडला, नाक ओढत. म्हणाला, वेडे, एकटीने कशाला ठेवलंस. म्हणाला, आज झोपेन. मी त्याला झोपेन म्हणताना ऐकलं. देवा, झालं. झालं एकदाचं.

आता वही बंद —

विचारतोय. डोळे पुसत विचारतोय. काय म्हणाली गं.

काही नाही. दादा, काही नाही म्हणाली.

फोन उचललास आणि काहीच नाही? म्हणतोय. सांग ना. शेवटचं आहे ते.

दादा, बघू नकोस. तिकडे बघ. वही ओढू नकोस, हात माझा नाही, मी लिहीत नाही —

आई म्हणाली, अगं, ऐक ना, मला

दादा मनात काही म्हणू नकोस. आकडे म्हण. पाढे म्हण. दादा.

त्याचे ओठ हलतायत.

माझा घसा — केवढा मोकळा, केवढा हलका — मला बोलता येतंय, दादा, ऐक, गिळू नकोस, तू